माशांच्या पान्यात लावलेली डाळ

काळेवाडीच्या अंगाला माज्या सासरी एक इहीर व्हती. पानी कसं, तळाचा दगड मोजावा आसं नितळ. पर त्या पान्यात तुरीची डाळ शिजायची न्हाई. कितीबी जळन घाला, डाळ आपली खड्यागत टकटक वाजती. साबन लावला तर फेस न्हाई, नुसतं दही फाटल्यागत व्हायचं. म्हनून प्यायला इहिरीचं आन् रांधायला पवना नदीचं, आसं बायकांनी वाटून ठिवलं व्हतं. नवी सून आली की सासू पयल्या दिशी त्येच सांगायची, कोनचा हंडा कुठं ठिवायचा. पुढं ह्याच गोष्टीनं माजी राहती जागा वाचली, म्हनून आदी सांगितली. मी सांगती, नात लिवून घेती.

मालक विषमज्वरानं गेले तवा पोरगी चार वर्साची व्हती. तेराव्याच्या दुसऱ्या दिशी दीर म्हनला, "वयनी, आता तुमी चाकनला माहेरी जावा." माहेरी भाऊ व्हता, त्येचीच सात तोंडं. मी चाकनला गेले न्हाई. पिंपरीत तवा नवा कारखाना उभा राह्यला व्हता आन् बाजूला साहेबलोकांचे बंगले. चौथ्या बंगल्यात धुनीभांडी, झाडलोट आन् पानी भरायचं काम मिळालं. बंगल्याच्या मागं एक खोली व्हती, पत्र्याची, दाराला कडी. कडी आतनं लागायची. त्या खोलीत पोरगी पयल्यांदा रातभर न दचकता झोपली. तवापासून मी त्या खोलीसाठी काय बी केलं आसतं, आन् केलं बी. त्येच सांगायचं हाय.

साहेब कोकनातले. लगीन झाल्यालं नव्हतं. घरात ते आन् त्येंची म्हातारी आई. कारखान्यात साहेबांचं काम काय, तर पानी तपासायचं. येनारं पानी, जानारं पानी, नळ्यांत भरायचं, थेंब टाकायचे, रंग बगायचा, कागदावर लिवायचं. मानूस बारीक, आवाज त्येच्याहून बारीक. मला "तुमी" म्हननारा पयला मानूस त्यो. पयल्या दिशी मी मागं वळून बगितलं, कोन आलंय म्हनून.

दिवाळी झाली आन् एका दुपारी ठेसनावरनं बैलगाडी आली. गाडीत गवत, गवतात गोनपाट, गोनपाटात काचंची पेटी. लोखंडी पट्ट्यांची चौकट आन् त्यात काचा बसवल्याल्या. आमच्या पोरीला आत निजवली आसती तर पाय पसरून मावली आसती. चार मानसांनी उचलून पडवीत आनली, पूर्वेच्या खिडकीपाशी लाकडी घडवंचीवर ठिवली.

म्हातारी आई काठी टेकत आली, पेटीभवती फिरली.

"काय रे ह्या?"

"माशांचं घर, आई."

"मासो कढयेत बरो दिसता. कपाटात कित्याक?"

साहेबांनी एक जाड पुस्तक आनलं आन् रंगीत चित्र दाखवलं. मासा कसा, तर थाळीवानी. गोल, चपटा, अंगावर निळ्या रेघा. दूर देशी एक मोठी नदी हाय, तिथल्या रानातलं काळसर, ऊन पानी, त्यात ह्ये राहत्यात. नाव डिस्कस. साहेबांचा एक दोस्त परदेशात व्हता, त्यो होळीच्या सुमाराला इमानानं मुंबईला येनार व्हता, त्येच्यासंगं पाच मासे येनार. एकदाच. परत काय त्यो दोस्त येनार नव्हता.

म्हातारीनं चित्र डोळ्यांपाशी नेलं. "अरे, ह्यो तर सरंगो. रंगयलेलो सरंगो." सरंगो म्हंजी त्येंच्याकडचं पापलेट.

साहेब हसले. मग मला म्हनले, "बाई, हा मासा फार नाजूक. पाणी बिघडलं की तो जेवत नाही, काळा पडतो आणि कोपऱ्यात उभा राहून मरतो. म्हणून मासा शेवटी. आधी पाणी, माती, झाडं. ते सगळं एकमेकांत मुरलं पाहिजे."

मला त्ये पटलं. नवरी यायच्या आदी घर सारवत्यात, चूल घालत्यात, तसंच की.

मग कामं सुरू झाली. पेटीच्या तळाला शेतातली काळी माती, कुजल्याला पाला मिसळून, चार बोटं. तिच्यावर वाळू, म्हंजी माती वर उठनार न्हाई. साहेब म्हनले, "वाळू पवनेची हवी. वळणाच्या पलीकडं जिथं धार आहे, तिथली. इकडची तिकडची नको. आठ पाट्या लागतील."

वळन म्हंजी जायला घटकाभर, यायला ओझ्यासंगं त्येच्या दुप्पट. एका दिशी दोन पाट्या व्हायच्या. दोन दिस गेले, चार पाट्या झाल्या. तिसऱ्या दिशी सकाळी पोरगी तापानं फनफनली. तिला एकटी टाकून नदीवर जावं तर जीव थाऱ्यावर न्हाई, आन् काम सोडावं तर मला कामाला लागून महिना बी झाला नव्हता. बंगल्यांच्या मागं एक कोरडा नाला व्हता. हाकेच्या अंतरावर. त्यात वाळू पडल्याली, नदीच्या वाळूहून उजळ. मधी मधी पांढरे बारीक खडे, साबुदान्यावानी. मी म्हनलं, वाळू ती वाळू. पोरीच्या कपाळावर ओलं फडकं ठिवायचं, एक पाटी आनायची, परत फडकं बदलायचं. दुपारपत्तुर चार पाट्या झाल्या.

संध्याकाळी साहेब आले, ढीग बगून खूश झाले. "सगळी वळणापलीकडची ना?"

"व्हय जी," मी म्हनलं.

येवढंच. एक शबुद.

वाळू मी सात पान्यांनी धुतली, शेवटी वाळूतनं निघनारं पानी पिन्याजोगं व्हईपत्तुर. मनात आलं, येवढी धुतल्यावर नदी काय आन् नाला काय.

मग साहेबांनी झाडं लावली. आता त्ये मी कसं सांगू. आमी रोप लावतो म्हंजी बोटानं खड्डा, रोप, माती, पुढचं रोप. साहेबांचं तसं नव्हतं. रविवारी सकाळी बाह्या दुमडून, गुडघ्यांवर बसून, हातात बांबूच्या दोन चिरल्याल्या लांब काड्या. झाडं कुठनं आनलेली, तर नदीतलं फितीवानी लांब गवत, डबक्यातलं कंदाचं झाड, आळंदीच्या बाजूनं येताना इंद्रायनीच्या काठचं बारीक पानाचं शेवाळ. आमी ज्याच्यावरनं पाय घसरून शिव्या घातल्या, त्येच ह्ये. साहेबांनी उंच गवत मागं लावलं, बुटकं पुढं. एक आंब्याचं वाकडं मूळ व्हतं, त्ये मी आठ दिस रोज हंड्यात उकळलं व्हतं, त्ये मधोमध ठिवलं, म्हंजी माशाला आडोसा. एक झाड लावायचं, मागं सरून बगायचं, उपटायचं, दोन बोटं डावीकडं लावायचं. सकाळी बसले त्ये ऊन उतरंपत्तुर. जेवायचं इसरले. म्हातारी आतनं वरडली, "जेवान निवला. तुका वाढू काय तुझ्या गवताक वाढू?"

पानी वतायची बी रीत व्हती. वाळूवर पितळी ताट ठिवायचं आन् त्येच्यावर संथ धार धरायची. वाळू हलत न्हाई. ही युक्ती त्येंची. मी पवनेचं पानी हंड्यांनी आनून आनून वतलं. त्या आंब्याच्या मुळानं आन् साहेबांनी सोडल्याल्या वाळक्या बदामाच्या पानांनी पानी चहाच्या रंगाचं झालं. आनि सकाळी पूर्वेचं ऊन त्या काचंत शिरलं, तवा प्रत्येक पानाला बारीक बारीक बुडबुडे लागल्याले दिसले, मोत्यांची नथ आसती ना, तशे. पोरगी ताप उतरून बसती झाली व्हती. ती काचंला नाक लावून म्हनली, "आये, पान्यात शेत हाय." मी बी बसले. माज्या अख्ख्या जल्मात मी कुठल्या झाडाकडं काम नसताना बगत बसले नव्हते.

दोनेक आठवड्यांनी झाडं रुसली. गवताची टोकं पिवळी. कंदाच्या झाडाच्या पानांवर पांढरी खरखर, जशी जुन्या तपेल्याला आतनं धरती. साहेबांनी कारखान्यातनं आनलेल्या नळीत पेटीचं पानी घेतलं, थेंब टाकले, कपाळाला आठी, म्हनले पानी जड झालंय.

"बाई, विहिरीचं पाणी तर नाही ना मिसळलं चुकून?"

"न्हाई जी. समदं नदीचं." ह्या येळी खरं बोलत व्हते.

त्येंनी नदीचं पानी तपासलं, त्ये चांगलं निघालं. मग अर्धी पेटी उपसायची, नवं पानी भरायचं. आठ दिसांनी परत तपासलं, परत जड. परत उपसा. परत भरा. आसं तीनदा झालं. माजी मान आखडली, चुंबळ ठिवली तरी हंडा टोचायचा. साहेबांनी मूळ काढून परत उकळायला दिलं. बदामाची पानं बदलली. कागदांवर कागद लिवले. म्हातारी म्हनायची, "माझो झील बारा गावचा पाणी तपासता, आणि घरचा पाणी त्येका वळखणा नाय." झील म्हंजी ल्योक.

मला अजून कळलं नव्हतं. खोटं बोलल्यालं मनात टोचत व्हतं, पर त्येचा आन् पान्याचा संबंध मी लावला नव्हता. वाळू म्हंजी वाळू. ती पान्याला काय करनार?

होळीला महिना राह्यला. एका रात्री जेवताना साहेबांनी ताट बाजूला सारलं. भात तसाच. म्हनले, "आई, अजून आठवडाभर बघतो, नाहीतर मी दोस्ताला पत्र टाकतो. मासे तिकडंच कुणालातरी देऊन टाक म्हणून. इथं आणून मारण्यापेक्षा ते बरं."

म्हातारीनं ह्या खेपंला टोमना मारला न्हाई. ताट उचलून मला दिलं, आन् हळूच म्हनली, "बापूस गेल्यापासून ह्येच्या तोंडावर हसू बघलंलय ता ह्या पेटीपाशी." मी ताट घेऊन मोरीत बसले. माज्या मालकांचं ताट बी शेवटी शेवटी आसंच परत यायचं.

दुसऱ्या दिशी पेटी परत उपसायची व्हती. साहेब कामावर गेल्याले. मी पेटीतनं काढल्यालं पानी बागंत वतत व्हते आन् मधीच हात थांबला. साहेब म्हनत्यात पानी जड. जड म्हंजी काय, आमच्या इहिरीवानीच की. मग ह्यात डाळ शिजती का?

मी दोन मडक्यांत मूठमूठ डाळ घातली. एकात पेटीचं पानी, एकात नदीचं. दोन चुली, दोन्हीत बाभळीचं सारखंच जळन. नदीच्या पान्यातली डाळ फुलली, फुटली, बोटानं दाबली तर लोनी. पेटीच्या पान्यातली तशीच, टकटक. पानी एकच, मी माज्या डोक्यावर आनल्यालं. पेटीत गेल्यावरच त्ये बिघडतंय. पेटीत हाय काय? माती हाय, मूळ हाय, पाला हाय, वाळू हाय.

वाळू म्हनले आन् मी चुलीपासनं उठले.

उरल्याली वाळू परसात पडली व्हती. नदीची एका बाजूला, नाल्याची एका बाजूला, मीच टाकल्याली. दोन घागरींत नदीचं पानी घेतलं, एकात ही वाळू, एकात ती. थोडी माती आन् पाला बी टाकला, पेटीतल्यासारखं. पाच दिस झाकून ठिवलं. सहाव्या दिशी वरचं पानी गाळून परत डाळ लावली. म्हातारी काठी टेकत परसात आली.

"काय शिजयतंस गो? त्या दिसा डाळ, आज परत डाळ. घरात तर कुळदाची पिठी झाली."

"आई, वाळूची डाळ शिजवती."

"अगे, तू पण येडी झालंस काय?"

मग मी तिला समदं सांगितलं. पोरीचा ताप, नाला, "व्हय जी". सांगतासांगता नदीच्या वाळूची डाळ फुटली. नाल्याच्या वाळूची फुटली न्हाई. म्हातारीनं दोन्ही दाने दातांखाली धरून बगितले. दात तिला दोनच व्हते, पर कळलं.

"मग, सांग त्येका."

"घालवतील मला, आई. पोरीला घिऊन कुठं जाऊ?"

मला वाटलं, म्हातारी म्हनंल, मी हाय ना. तसं ती म्हनली न्हाई. काठीवर हनवटी टेकून म्हनली, "घालवल्यान तर घालवल्यान. त्याचा मी काय सांगू? पण त्येना उद्या पत्र टाकल्यान तर मासे यायचे नाय, आणि तुका ठावक असून तू गप ऱ्हवलंस. ता तुका झोपाक देयत?"

खोलीत गेले. पोरगी कडीशी खेळत व्हती, लाव-काढ, लाव-काढ. मी तिला "नगं" म्हनलं न्हाई. म्हनलं, खेळ, आजच्या दिस खेळ.

सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायच्या आदी साहेब पडवीत बूट घालत व्हते. टेबलावर पत्राचं पाकीट. मी फुडं गेले आन् उभ्या उभ्याच सांगितलं. "साहेब, वाळू चार पाट्या नदीची हाय आन् चार नाल्याची. मी खोटं बोलले व्हते. नाल्याच्या वाळूनं पानी जड व्हतंय. डाळ शिजत न्हाई त्येच्यात. दोनदा लावून बगितली."

रडले न्हाई. रडून काय व्हनार, खरं बोलायचं तर कोरड्या डोळ्यांनी बोलावं, म्हंजी समोरच्याला राग धरायचा तर मोकळेपनी धरता येतो.

साहेब एक बूट पायात, एक हातात, तशेच उठले. मग म्हनले, "कुठं आहे ती वाळू?"

परसात नेलं. त्येंनी म्हातारीकडनं लिंबू मागितलं, चिरलं आन् नाल्याच्या वाळूतल्या पांढऱ्या खड्यावर पिळलं. खडा फसफसला. बारीक फेस, चुन्यावर पडावा तसा. नदीच्या वाळूवर पिळलं, काय बी झालं न्हाई.

"चुनखडी," साहेब म्हनले. "थोडी थोडी पाण्यात उतरते. मी पाणी तपासलं, माती तपासली, मूळ तपासलं. वाळू तपासली नाही. तुम्ही नदीची म्हणालात, मी लिहून टाकलं, नदीची."

मी लिंबाची साल उचलली.

"खोटं का बोललात?"

"पोरीला ताप व्हता. नदी लांब पडत व्हती."

"मग मला सांगायचं. मी आणली असती."

मी मनात म्हनलं, ह्ये बोलायला बरं. साहेब मानूस डोक्यावर पाटी घिऊन येनार व्हय. भोंगा झाला. साहेब दुसरा बूट घालून गेले. टेबलावरचं पाकीट घिऊन गेले न्हाईत. जाताना म्हनले, "ती दोन्ही मडकी तशीच ठेवा. मला ती डाळ बघायचीये." घालवलं का ठिवलं, काय बोलले न्हाईत. दिवसभर मी भांडी घासली, आन् घासल्याली परत घासली.

संध्याकाळी आल्याबरोबर परसात आले. दोन्ही मडक्यांतली डाळ चिमटीत धरून दाबली. मग नदीच्या वाळूची डाळ बोटानं चाटून खाल्ली. "मीठ हवं होतं," म्हनले. आन् मला म्हनले, "रविवारी सकाळी दोन पाट्या काढून ठेवा. एक तुमची, एक माझी."

तवा कळलं, खोली राह्यली.

रविवारी साहेब खरंच आले. विजार गुडघ्यापत्तुर दुमडल्याली, पाय दुधासारखे पांढरे. धारंतली वाळू खोऱ्यानं भरली. घाटावर काळेवाडीच्या बाया धुनं धूत व्हत्या. त्यातली एक माज्या जावंची मैतरीन. ती म्हनली, "काय वो साहेब, बांधकाम काढलंय का?"

"हो, माशांचं घर."

"मग लगीन कदी? घर झालं म्हंजी नवरी बी आना."

समद्या हसल्या. साहेब बी हसले, आन् पाटी उचलली ती थेट टाळूवर. वाळू गळ्यात उतरली. मी म्हनलं, "थांबा." माज्या जुन्या लुगड्याच्या पट्टीची चुंबळ वळून त्येंच्या डोक्यावर ठिवली. "मान ताठ. डोळं फुडं. पायाकडं बगायचं न्हाई." साहेब चालले. झोकांड्या खात, पर चालले. वळनापाशी थांबले, घाम पुसला, म्हनले, "बाई, तुम्ही हे रोज करता?"

"रोज कुठं जी. रोज हंडा आसतो. हंडा डुचमळतो, वाळू गप बसती. वाळू सोपी."

त्येंनी माज्याकडं बगितलं आन् परत कदी माज्या हंड्याकडं न बगता पुढं गेले न्हाईत. मी आदी बी त्येंना चांगला मानूस म्हनत व्हते. त्या दिसापासून मोठा मानूस म्हनायला लागले. शिकल्याली मानसं मी पुढं लई बगितली. चुकीचं कारन दुसऱ्याच्या हातात सापडल्यावर आपली पाटी बी उचलनारा त्योच एक.

चार दिसांत पेटी पयल्यापासनं लावली. झाडं परातीत ओल्या फडक्यात ठिवली, परत बांबूच्या काड्यांनी, परत दोन बोटं डावीकडं. आठ दिसांनी साहेबांनी नळीत थेंब टाकले आन् मी चुलीवर डाळ लावली. साहेब पडवीतनं म्हनले, "माझं बरं दिसतंय. तुमचं?" मी म्हनलं, "फुटली."

होळीच्या आदल्या दिशी मासे आले. मुंबईहून गाडीनं, साहेब स्वता जाऊन घिऊन आले. पत्र्याच्या डब्यात, डब्याला घोंगडी गुंडाळल्याली. पाचातला एक वाटंतच मेल्याला. चार सोडले. काय त्यो रंग. काळे, कोळशासारखे, चित्राशी काय मेळ न्हाई. सगळे आंब्याच्या मुळाच्या मागं जाऊन वाकडे उभे राह्यले. साहेबांनी पान्यात काचंच्या नळीतले दिवे लावून ऊब केली व्हती, बाळाला आंघूळ घालतो तेवढी. पहाटं गार पडायचं म्हनून मी पेटीला मागनं माजी गोधडी लावली. दोन दिस मासे हलले न्हाईत, खाल्लं न्हाई. साहेब बी धड जेवले न्हाईत. म्हातारी दोघांना मिळून शिव्या द्यायची.

त्येंचं खानं म्हंजी उकिरड्यातली गांडुळं, धुऊन बारीक केल्याली. माज्या गळ्यात तुळशीची माळ. म्हातारी म्हनली, "तू धू. मी कापतंय. पाप माका, पाणी तुका."

तिसऱ्या दिशी दुपारी साहेब कामावर, म्हातारी आडवी झाल्याली. मी पडवी पुसत व्हते. ऊन वाकडं येत व्हतं आन् पेटीत काय तरी हललं. एक मासा उंच गवताच्या फटीतनं पुढं आला. हळू. जसा कोन दारातनं बाहेर बगतंय, आत जावं का बाहेर यावं. आन् बगता बगता त्येचा काळा रंग उतरला. खालनं तांबूस सोनेरी, आन् त्यावर निळ्या रेघा, मोरकंठी लुगडं उन्हात धरल्यावर जशी निळाई सुटती तशी. अंग ताठ, गोल, बारीक लाल डोळा. मी फडकं हातात तसंच धरून बसले. गांडुळाचा एक तुकडा वाळूवर पडला व्हता. मासा खाली तोंड करून आला, तुकड्यावर फुंकर मारली, वाळू उडाली, आन् त्येनं त्यो गिळला. माज्या वाळूवर न्हवं. साहेबांच्या वाळूवर.

संध्याकाळी फाटकातच सांगितलं. साहेबांनी बूट सुद्धा काढले न्हाईत. "कुठल्या पानामागून आला? कितीदा खाल्लं? फुंकर मारली म्हणता?" मला तीन येळा सांगायला लावलं. तवर दुसरा बी पुढं आला व्हता. साहेब जमिनीवर बसले, काचंपासून हातभर लांब, आन् मग घराकडं तोंड करून म्हनले, "आई, वाढ. भूक लागलीये."

म्हातारी म्हनली, "सरंगो जेवलो, आता झील जेवतलो."

त्या चार माशांतले तीन जगले. त्यातल्या दोघांनी पुढं मी पालथ्या ठिवल्याल्या मडक्यावर अंडी घातली. आई आन् बाप पाळीपाळीनं पंखानं वारा घालायचे. बाप बी. मी त्येच्याकडं लई येळ बगत बसायचे. अंडी पांढरी पडली, पिल्लं झाली न्हाईत, तरी बाप दोन दिस जागेवरनं हलला न्हाई.

मी त्या खोलीत राह्यले. पोरगी तिथनंच शाळंत गेली. काही वर्सांनी म्हातारी गेली, साहेबांची बदली झाली. पेटी न्यायजोगी नव्हती, मासे बी. साहेबांनी जाताना नव्या साहेबासाठी एक कागद लिवून पेटीच्या बाजूला चिकटवला. पोरीनं मला वाचून दाखवला. ऊब किती, खानं किती, झाडं कदी छाटायची. खाली शेवटी लिवलं व्हतं, पाण्याबद्दल शंका आली तर बाईंना विचारावे. मला वाचता येत न्हाई, पर त्या कागदावर ती ओळ कुठं व्हती त्ये मी रोज पुसताना बगायचे.

नवा साहेब आला. त्येनं सामान उतरवायच्या आदी पेटीपाशी जाऊन कागद वाचला, माज्याकडं बगितलं, माशांकडं बगितलं.

"बाई तुम्हीच का? पाणी कसंय मग?"

"वाईच थांबा," मी म्हनलं. "डाळ लावती."